मी जागीच होते

सोमवार, १५ नोव्हेंबर १९९९

लाल दिवा लागला की यंत्र ऐकतंय, असं सारंग सांगून गेलाय. तर ऐक रे यंत्रा.

मी तारामती, राहणार उदगीर, वय एकाहत्तर, दात सतरा. आज सकाळी नामपल्ली स्टेशनावर उतरले ती एखाद्या राणीसारखी. एका हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी, दुसऱ्या हातात दिवाळीच्या उरलेल्या चकल्यांचा डबा, आणि मागं आमचा नातू माझं गाठोडं डोक्यावर घेऊन. रिक्षावाल्याला वाटलं गावाकडची म्हातारी आहे, दोन गल्ल्या जास्त फिरवावी. मी त्याला त्याच्याच बोलीत सुनावलं की बेटा, माझा जन्म निजामाच्या राज्यातला, तुझ्या अब्बाच्या आधीपासून ही सडक मला ठाऊक आहे. सडक मी आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. पण तो वरमला.

नल्लकुंट्यातलं घर छान आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, पुढं गच्ची, गच्चीवर तुळस. खाली घरमालकीण सरोजम्मा. तिला मराठी येत नाही, मला तेलुगू येत नाही, तरी तासभर बोललो. सुनांबद्दल बोलायला भाषा लागत नाही.

सारंग हा माझ्या प्रशांतचा मुलगा, तेवीस वर्षांचा. त्याची नोकरी रात्रीची. अमेरिकेतले डॉक्टर रोगी तपासून झाला की त्याचं सगळं यंत्रात बोलून ठेवतात. ते बोलणं तारेवरून रातोरात इकडे येतं, आणि आपली पोरं ते कानाला लावून टाइप करतात. तिकडे दिवस असतो तेव्हा इकडे रात्र, म्हणून हा संध्याकाळी जातो, सकाळी येतो आणि दिवसा निजतो. निजण्याच्या खोलीच्या खिडकीला त्यानं काळा कागद चिकटवलाय. भर दुपारी आत अमावस्या.

आता हा दिवसभर निजणार म्हटल्यावर मी गप्प बसायचं, आणि गप्प बसणं मला कधी जमलेलं नाही. म्हणून त्यानं त्याच्या शिकाऊ दिवसांतलं हे कॅसेटचं यंत्र मला दिलं. याला शिलाई मशीनसारखं पायानं दाबायचं पेडल आहे, पण ते लिहिणाऱ्यासाठी, बोलणाऱ्यासाठी नाही. म्हणाला, आजी, स्वयंपाकघरात बसून हळू आवाजात रोज यात बोलत जा, सुट्टीच्या दिवशी मी सगळं लिहून काढीन, तुझी रोजनिशी होईल. मला अक्षर येत नाही. आकडे तेवढे ओळखते, एस.टी.च्या पाटीपुरते. तर भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख मी बघून सांगीन, बाकी तू लिही. मात्र माझं बोलणं सुधारायला जाऊ नकोस. आणि जिथं ऐकू येणार नाही तिथं नुसती रेघ ओढ, मनानं भरू नकोस. ही तुमच्या कंपनीचीच रीत ना? आवडली मला. आमच्याकडे लोक नेमकं उलटं करतात.

बुधवार, १७ नोव्हेंबर

सारंगचं मराठी अक्षर बघितलं. मला वाचता येत नाही, पण कोंबडीचे पाय मी ओळखते.

एक बोलायचं होतं. पोरगं निजत नाही. आठ वाजता खोलीत जातं, दार लावून घेतं. चार वाजता बाहेर येतं तेव्हा डोळे गाजरासारखे. विचारलं तर म्हणतं, मस्त झोप झाली आजी. अरे, मी तीन लेकरं आणि सात नातवंडं निजवली, निजलेल्या माणसाचा श्वास मला भिंतीपलीकडून कळतो. आत श्वास नसतो, आत वाट बघणं असतं.

जेवणही तसंच. अर्धी भाकरी. मी म्हटलं, तुझ्या वयात तुझा आजा पाच खायचा आणि सहावीकडे बघायचा. हसला, पण हसणं पुरतं वर आलंच नाही. काल जिन्यात पाय चुकला, चार पायऱ्या घसरला. सरोजम्मा सांगत होती, म्हणजे हातवारे करून दाखवत होती, की मागच्या महिन्यात विद्यानगरच्या चौकात तो उभ्या उभ्या पेंगला आणि बसखाली यायचा राहिला.

हे उदगीरला कुणी कळवलं नव्हतं. प्रशांतनं मला भाकरी करायला पाठवलंय. कशाला आलेय ते मला आता कळलं.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

आज बोलला. मी त्याच्या डोक्याला तेल घालत होते. डोक्यावर तेल पडलं की पुरुषाचं तोंड उघडतं, हे मला नवऱ्यापासून माहीत.

दसऱ्याच्या आधी एका पहाटे कामावर त्याचा डोळा लागला. दोन मिनिटं, जास्त नाही. दचकून जागा झाला तेव्हा समोरचा कागद, म्हणजे पडद्यावरचा कागद, अमेरिकेला निघून गेला होता. त्यात एका म्हातारीचं होतं. वय एकाहत्तर. डॉक्टर सांगत होता की अमुक एक औषध हिला कधीच द्यायचं नाही, दिलं तर जीव जाईल. ते वाक्य आपण लिहिलं की नाही, हे याला आठवतच नाही. साहेबांना सांगायची हिंमत झाली नाही.

त्या दिवसापासून डोळा मिटला की छाती धडधडते. पहिले काही दिवस नुसतं धडधडणंच. मग एका दुपारी पलंगाच्या पायथ्याशी कुणीतरी बसलं.

दिसत नाही म्हणाला. आवाज नाही, वास नाही. फक्त नवार दबते. एखादी म्हातारी टेकावी तशी, हळूच. आणि ती बसून राहते, याच्याकडे पाठ करून. पाठ आहे हे कशावरून, विचारलं तर म्हणाला, आजी, ती माझ्याकडे बघत नाही हे मला कळतं. मी कधी झोपतो याची ती वाट बघते. मी झोपलो की वळणार.

मी म्हटलं, एकाहत्तर वर्षांची बाई एवढा समुद्र ओलांडून आली आणि तू तिला चहाही विचारला नाहीस? त्यावर तो हसला. मग रडला. तेलाचे हात, डोळे पुसता येईनात, मी पदरानं पुसले.

सोमवार, २२ नोव्हेंबर

सरोजम्मानं सांगितलेल्या डॉक्टरीणबाईंकडे तारनाक्याला नेलं. बाई भल्या. म्हणाल्या, झोप नाही म्हणून धास्ती वाढते आणि धास्ती वाढली म्हणून झोप जाते, दोघी एकमेकींचं शेपूट धरून फिरतात, कुठून तोडायचं एवढाच प्रश्न. रात्रीची नोकरी काही महिने सोडा म्हणाल्या. सारंग म्हणाला, बघू. गोळ्या दिल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाला, मी गोळी घेणार नाही. गोळीनं गाढ झोप लागली आणि ती वळली, तर मला कळणारसुद्धा नाही.

घरी आल्यावर तो अंघोळीला गेला तेव्हा मी त्या खोलीत डोकावले. दुपारचे बारा, आत अंधार, दाराच्या फटीतून उजेडाची एक पट्टी पलंगावर. पलंग रिकामा. पायथ्याची नवार खाली गेलेली, कुणी बसल्यासारखी.

जुनी नवार आहे, सैल झाली असेल. संध्याकाळी मी ओढून बांधली. माझ्या हाताची गाठ बैल ओढून सुटत नाही.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

आज कार्तिकी पौर्णिमा. आणि बातमी चांगली. मीच त्याला भरीला घातलं होतं की साहेबांना सांगून टाक. काल रात्री त्यानं सांगितलं. साहेबांनी जुना कागद काढून दाखवला. वाक्य जिथल्या तिथं. ती म्हातारी तर परवा पुन्हा तपासायला आली होती, ठणठणीत, फक्त गुडघ्याची तक्रार. मी म्हटलं, बघ, गुडघे दुखणारी बाई कुणाच्या पलंगावर चढून बसत नसते.

दोघं खूप हसलो. चकल्या संपवल्या. तो निजायला गेला.

चार वाजता बाहेर आला. म्हणाला, आजी, ती आहेच. फक्त आता मला माहीत नाही ती कोण आहे.

 धास्तीला यायला कारण लागतं, राहायला लागत नाही, हे मला कुणी सांगायला नको.

बुधवार, २४ नोव्हेंबर

आज मी जे केलं ते आमच्याकडे सगळ्याच बायका करतात. लेकराच्या तोंडावरून दोन्ही हात फिरवायचे आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडायची. अलाबला घेणं. त्याचं जे काही वाईट असेल ते आपल्या बोटांत येतं. मग उंबऱ्यापाशी जाऊन हात बाहेर झटकायचे आणि धुऊन टाकायचे. झटकलं नाही तर ते घेणाऱ्याकडेच राहतं, असं माझी आई सांगायची.

सारंग कामावरून येऊन आडवा झाला होता, डोळे सताड उघडे. मी पायथ्याशी गेले. नवार माझ्या गाठीसकट खाली गेली होती. त्याच्या तोंडावरून हात फिरवले आणि माझ्या कानशिलावर बोटं मोडली. दहाच्या दहा कडाकडा वाजली. एकाहत्तर वर्षांत असा आवाज मी ऐकला नव्हता.

मग उंबऱ्यापाशी गेले. बाहेर ऊन. आणि मनात आलं, हे झटकलं तर इथंच पडणार. संध्याकाळी हा उंबरा पहिल्यांदा कोण ओलांडणार? हाच.

नाही झटकले. हात पदराला पुसले आणि भाकरी थापायला बसले.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

निजला! आठ ते साडेचार. घोरला, पार सरोजम्माच्या अंगणापर्यंत. ती वर येऊन गालावर हात ठेवून झोपेची खूण करून गेली. उठल्यावर तीन भाकऱ्या खाल्ल्या आणि चौथीकडे बघितलं. आजावर गेलाय.

पलंगाची नवार सरळ आहे. मी हात फिरवून बघितली.

मला मात्र रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. चालायचंच. म्हातारपणी झोप कमीच होते.

शनिवार, २७ नोव्हेंबर

तीन रात्री झाल्या. रात्री अंथरुणावर पडलं की छातीत कुणीतरी उखळात कांडतंय. काय झालंय, कशाची भीती, विचारलं तर सांगता येत नाही. सगळी माणसं एकेक करून आठवते, सगळी ठीक आहेत, तरी कांडणं थांबत नाही. पोरगं दोन महिने हे घेऊन टाइप करत होतं.

आणि दिवसा झोप येते. अशी येते की चुलीपुढं मान पडते. काल बाराच्या सुमाराला भाजी निवडताना मान पडली आणि आत सारंग ओरडून उठला. पुन्हा दोनला भिंतीला टेकले, डोळा मिटला, आत तो किंचाळला. आज ठरवून बघितलं. जागी बसले साडेतीनपर्यंत, तो गाढ. मग मुद्दाम डोळे मिटले. पाच मोजेपर्यंत नाही, तोच आत पलंग करकरला.

म्हणजे या घरात झोप एकच उरली आहे, एकाला पुरेल एवढी. आता ती कुणी घ्यायची यावर काय बोलायचं. माझं अर्धं आयुष्य निजून झालंय.

सोमवार, २९ नोव्हेंबर

काल सुट्टी होती. सारंग म्हणाला, कॅसेटी दे, लिहायला घेतो. मी म्हटलं, राहू देत, झोप. मी मेल्यावर लिही, तेव्हा मी चुका काढणार नाही. म्हणाला, आजी, कुछ भी नक्को बोलो.

आज एक सांगते ते कुणाला सांगितलेलं नाही.

प्रशांतच्या आधी मला एक मुलगी होती. जयवंता. दोन वर्षांची. निजामाचं राज्य गेलं त्या पावसाळ्यात तिला ताप चढला. गावात डॉक्टर नाही, वाटा बंद. तीन रात्री मी तिला मांडीवर घेऊन बसले. सासूबाई म्हणाल्या, डोळा लागू देऊ नकोस, मध्यरात्रीनंतर थेंब थेंब पाणी पाजत राहा. चौथ्या पहाटे माझा डोळा लागला. किती वेळ, देव जाणे. कोंबडं आरवलं तेव्हा जाग आली. मांडी जड होती आणि गार होती.

सासूबाईंनी विचारलं, नवऱ्यानं विचारलं, माझ्या आईनं विचारलं. सगळ्यांना मी एकच सांगितलं. मी जागीच होते.

एकावन्न वर्षं तेच सांगत आले. आणि लोक म्हणतात तारामती फार थट्टेखोर, सारखी बोलत असते. बोलायचं थांबलं की झोप येते रे, म्हणून.

बुधवार, १ डिसेंबर

सारंगचे गाल भरलेत. गच्चीवर शीळ घालतो. म्हणतो नवीन साल लागलं की जगातले सगळे कम्प्युटर बंद पडणार, मग आपण दोघं उदगीरला जाऊ. मी म्हटलं, बंद पडायचे तर आत्ताच पडू देत, मी गाठोडं बांधते.

आज दुपारी जमिनीवर बसले होते, पाय पसरून, पाठ भिंतीला. मांडीवर काहीतरी टेकलं. मांजर असेल म्हणून हात फिरवला. हाताला काही लागलं नाही. लुगडं मात्र दबलेलं, मांडीला खळगा. हलकंसं वजन — दोन वर्षांच्या पोराचं असतं तेवढं.

मला पायथ्याची म्हातारी येईल असं वाटलं होतं. तिच्याशी दोन गोष्टी बोलले असते. ही धास्ती ज्याच्याकडे जाते त्याच्याजवळचंच रूप घेते वाटतं —

मी उठले नाही. उठले असते तर ती पडली असती.

शुक्रवार, ३ डिसेंबर

वजन वाढतंय. आधी हलकं होतं, आता — जड आणि गरम. तापलेलं.

सरोजम्मा आली होती. माझ्या तोंडाकडे बघून घाबरली. पडुको अम्मा, पडुको, म्हणत होती. एवढी तेलुगू आता मला येते. झोप, म्हणते. मी मांडीकडे बोट दाखवलं. तिला — तिला काही दिसलं नाही. उंबऱ्याकडे ढकलत नेत होती मला. हात झटकायचे तर आत्ता, असं वाटून गेलं. बोटं मोडून बघितली. एकही वाजेना. आता ते बोटांत नाही.

झोप अशी येते की — गोड. एवढी गोड कधी नव्हती. डोळ्यांत मीठ घातलं. हसू नकोस लिहिताना.

सारंग निजलाय. श्वास ऐकू येतोय. ऐकत बसते.

शनिवार, ४ डिसेंबर

सकाळी सारंग माझा हात धरून बसला. म्हणाला, आजी, तू झोपत नाहीस. मी म्हटलं, मस्त झोप झाली रे. त्याचंच वाक्य त्याला. उद्या सुट्टी, उद्या तुला तारनाक्याला नेतो म्हणाला. बरं म्हटलं. उद्यापर्यंत —

आता किती वाजले ते दिसत नाही. आकडे हलतात.

ती बोलते. काल नव्हती बोलत. म्हणते, आई — — — झोप ना. मी पाणी मागणार नाही. तू झोप.

नाही बाई. तुझ्या वेळी झोपले. आता नाही —

मांडी — गार पडायला लागली. मघाशी तापलेली होती. थेंब थेंब पाणी, पाणी कुठं — वाटी हाताशी होती — —

बोलत राहायला पाहिजे. सारंग, ऐक, चटणीत लसूण जास्त पडलाय. तुळशीला पाणी — तुझ्या आजाला सहावी भाकरी मी कधी — — —

कोंबडं आरवलं. शहरात कुठलं कोंबडं, भर दुपारी?

पलंग करकरला. का उठलास रे? अजून तुझी झोप — जा, नीज. मी आहे इथं. दार का उघडलंस? एवढा उजेड — माझं नाव घेऊन का ओरडतोस, खाली सरोजम्मा घाबरेल — असा हलवू नकोस मला, मांडीवरून ती पडेल — सारंग, बाळा, रडतोस कशाला? डोळा नाही लागला माझा. विचार हवं तर या यंत्राला. मी बोलतेय ना, ऐकू येत नाही का तुला? मी जागीच होते. मी जागीच —